महसीर : खाद्यस्थाने व गळाची मासेमारी

भारतीय उपखंडातील डोंगराळ व खडकाळ नद्यांत राहणाऱ्या, सिप्रिनिडी कुलाच्या टॉर या प्रजातीतील मोठ्या माशांना महसीर म्हणतात. हौशी मासेमारांच्या दृष्टीने हा भारतातील गोड्या पाण्याचा सर्वांत नामांकित मासा होय. हिमालयाच्या पायथ्याच्या नद्यांत सोनेरी महसीर (टॉर प्यूटिटोरा), दख्खनच्या नद्यांत निळ्या पराचा महसीर (टॉर खुद्री) व कावेरीच्या खोऱ्यात कुबडा महसीर (टॉर रेमादेवी) या जाती प्रमुख आहेत. यांपैकी टॉर खुद्री या जातीचे वर्णन कर्नल डब्ल्यू. एच. साइक्स यांनी १८३९ मध्ये पुण्याजवळील मुळा-मुठा नदीतील नमुन्यांवरून केले. महाराष्ट्रात तिला खडशी असेही म्हणतात.

नदीत महसीर सर्वत्र सारख्या प्रमाणात विखुरलेले नसतात. काही डोह, संगम व खळाळ यांच्या आसपास ते वर्षानुवर्षे सापडतात, तर मधले लांबलचक प्रवाह जवळजवळ रिकामे असतात. या विषम वाटणीचे मुख्य कारण खाद्य हे आहे. गळ टाकणाऱ्याचे कौशल्य पुष्कळ अंशी ही खाद्यस्थाने ओळखण्यात असते. परंतु खाद्यामुळे मासे एका ठिकाणी जमलेले दिसणे आणि नदीत मासे विपुल असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. हा भेद लक्षात न घेतल्यास जमाव पाहून माशांच्या संख्येविषयी चुकीचे अनुमान निघते. दक्षिणेतील कावेरी नदीत त्याचे ठळक उदाहरण आढळले आहे.

खाद्य व शरीररचना : महसीर सर्वभक्षी आहे. दगडांवर वाढणारी शैवले, पाणवनस्पतींचे कोवळे भाग, कीटक व त्यांच्या अळ्या, गोगलगाई, शिंपले, खेकडे, कोळंबी, लहान मासे तसेच काठावरील झाडांची पाण्यात पडणारी फळे व बिया हे सर्व तो खातो. वयानुसार व ऋतूनुसार या घटकांचे प्रमाण बदलते. लहान पिले काठाजवळच्या उथळ पाण्यात शैवले व सूक्ष्म कीटक यांवर वाढतात; मोठे मासे खोल पाण्यात राहतात, खेकडे व लहान मासे अधिक प्रमाणात खातात आणि खाद्यासाठी ठराविक वेळी उथळ भागाकडे येतात.

महसीराच्या जबड्यात दात नसतात. त्याऐवजी ग्रसनीत (घशाच्या वरच्या भागात) बळकट दात असून त्यांनी तो गोगलगाईचे शंख व खेकड्यांची कवचे फोडतो. मोठ्या महसीराने धरलेले धातूचे आमिष कधीकधी वाकते किंवा गळाचा आकडा चेपला जातो, याचे कारण ही चिरडण्याची शक्ती होय. ओठ मांसल असून काही माशांत ते फारच वाढलेले असतात. तोंडाशी मिशांसारख्या स्पर्शिकांच्या दोन जोड्या असतात. ओठ व स्पर्शिका यांवरील रुचिकलिकांमुळे दगडांच्या फटींतील भक्ष्य त्याला न पाहताही ओळखता येते. सिप्रिनिडी कुलातील इतर माशांप्रमाणे त्याचा वाताशय व अंतर्कर्ण हे वेबर अस्थिका नावाच्या लहान हाडांच्या साखळीने जोडलेले असतात. त्यामुळे त्याची श्रवणशक्ती तीक्ष्ण असते. पाण्याची हालचाल शरीराच्या दोन्ही बाजूंवरील पार्श्वरेखेने कळते. उंबरासारख्या झाडाचे पिकलेले फळ पाण्यात पडल्याचा आवाज, त्याचा गंध व चव या सर्व खुणा माशाला एकाच जागेकडे नेतात. फळे पडण्याच्या हंगामात अशा झाडाखाली महसीर वाट पाहत थांबतात, याचा उलगडा या ज्ञानेंद्रियांच्या रचनेवरून होतो.

एकत्र येण्याचे तत्त्व : वाहत्या पाण्यातील माशाला एका जागी राहण्यासाठीही सतत पोहावे लागते व त्यात ऊर्जा खर्च होते. वेगवान प्रवाहातून दर मिनिटाला अधिक खाद्य वाहत येते, पण तेथे टिकून राहण्याचा खर्चही अधिक असतो. संथ पाण्यात खर्च कमी, परंतु वाहून येणारे खाद्यही कमी असते. म्हणून वेगवान प्रवाहाला लागूनच संथ पाण्याचा आसरा असलेली जागा सर्वांत फायदेशीर ठरते. मासा संथ पाण्यात उभा राहतो, शेजारच्या प्रवाहातून खाद्य आले की क्षणभर बाहेर पडून ते टिपतो आणि पुन्हा आसऱ्याला येतो. सॅमन व ट्राउट यांच्या कुलातील माशांच्या बाबतीत कर्ट फॉश यांनी १९८४ मध्ये हा जमाखर्च मांडून दाखविला. अधिक निव्वळ ऊर्जा मिळवून देणाऱ्या जागा वरचढ मासे बळकावतात, असे त्यांच्या निरीक्षणांत आढळले. महसीर वेगळ्या कुलातील असला, तरी प्रवाहाचा व ऊर्जेचा हा हिशेब त्यालाही चुकत नाही.

एखाद्या जागी किती मासे जमतील हेही खाद्याच्या प्रमाणावर अवलंबून असते. मानफ्रेट मिलिन्स्की यांनी १९७९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात एका टाकीत स्टिकलबॅक जातीचे सहा लहान मासे ठेवून दोन टोकांना पाणपिसवा टाकल्या. एका टोकाला दुसऱ्याच्या दुप्पट खाद्य टाकल्यावर थोड्याच वेळात सरासरीने चार मासे त्या टोकाला व दोन दुसऱ्या टोकाला जमू लागले. खाद्याची बाजू बदलली, तेव्हा माशांची वाटणीही बदलली. खाद्य अधिक असलेल्या जागी गर्दी वाढते व गर्दीमुळे प्रत्येकाच्या वाट्याला येणारे खाद्य कमी होते. दोन्ही जागांवर प्रत्येकाचा वाटा सारखा झाला, की ही हालचाल थांबते. निसर्गात हा समतोल इतका नेमका नसतो. बलवान मासे दुर्बळांना हुसकावतात आणि भक्षकांची भीतीही हिशेबात येते. पाणमांजर, मगर व मत्स्यगरुड यांचा वावर असलेल्या नदीत उघड्या उथळ पाण्यात भरपूर खाद्य असूनही मोठे मासे दिवसा तेथे येण्याचे टाळतात. सारांश, खाद्याची प्राप्ती, पोहण्याचा खर्च व जिवाचा धोका या तिन्हींचा मेळ बसतो, तेथे मासा उभा राहतो.

नदीतील खाद्यस्थाने : डोंगराळ नदीत खळाळ व डोह आलटून पालटून येतात. खळाळातील स्वच्छ, गोट्यांनी भरलेल्या तळावर सूर्यप्रकाश पोहोचत असल्याने शैवले वाढतात. त्यांवर मे माशी, कॅडिस माशी इत्यादींच्या अळ्या पोसल्या जातात. दगडांखाली खेकडे व लहान मासे असतात. खळाळ हे अशा रीतीने नदीचे खाद्योत्पादक क्षेत्र होय. त्यातून सुटलेले जीव प्रवाहाबरोबर खाली वाहत जातात. डोह खोल व संथ असल्याने तेथे आसरा मिळतो, पण खाद्याची निर्मिती कमी असते. म्हणून खळाळाचे पाणी डोहात शिरते ती जागा, म्हणजे डोहाचे मुख, सर्वांत महत्त्वाची ठरते. येथे वेगवान पाण्याची जीभ डोहात घुसते आणि तिच्या दोन्ही बाजूंना भोवरे व संथ पाणी असते. वेगवान व संथ पाण्याच्या सीमेवर फेसाची व पाचोळ्याची रेषा दिसते. वाहते खाद्यही बहुधा याच रेषेने जाते, म्हणून अनुभवी मासेमार आमिष या रेषेवर सोडतो.

डोहाच्या शेवटी तळ पुन्हा उथळ होऊन पाणी पसरते. या भागाला डोहाची शेपटी म्हणता येईल. संधिप्रकाशात मोठे महसीर येथे लहान माशांच्या मागे येतात. प्रवाहातील मोठ्या शिळांमागे पाण्याचा वेग एकदम कमी होतो. शिळेच्या पुढेही पाणी आदळून मंदावल्याने लहानसा आसरा तयार होतो. काठाच्या कपारी, पाण्यात वाकलेली झाडे व त्यांची उघडी मुळे यांतून सावली, आसरा व वरून पडणारे कीटक अशा तिन्ही गोष्टी मिळतात. कावेरीच्या काठावरील अर्जुन वृक्षांच्या रांगा या दृष्टीने नदीच्या जीवनाचा भाग आहेत.

संगमांना स्वतंत्र महत्त्व आहे. उपनदी आपल्याबरोबर कीटक, बिया व लहान मासे आणते आणि तिच्या पाण्याचे तापमान व गढूळपणा मुख्य नदीहून भिन्न असतो. उन्हाळ्यात बर्फ वितळून हिमालयातील मोठ्या नद्या गढूळ होतात, तेव्हा पाऊस व झरे यांवर वाहणाऱ्या उपनद्या निवळ असतात. स्वच्छ पाण्याच्या कडेला राहून भक्ष्य पाहता येते आणि गढूळ पाण्यात लपता येते, असा दुहेरी लाभ संगमावर मिळतो. गढवालातील व्यासघाट येथील गंगा व नयार यांचा संगम आणि कुमाऊँच्या सीमेवरील पंचेश्वर येथील काली व सरयू यांचा संगम या जागा महसीराच्या गळाच्या मासेमारीसाठी याच कारणाने प्रसिद्ध झाल्या.

जलाशयात प्रवाह नसल्यामुळे खाद्यस्थाने वेगळी असतात. ओढे व नद्या जेथे जलाशयाला मिळतात ती मुखे, बुडालेल्या झाडांच्या व खडकांच्या आसपासची जागा आणि वाऱ्यामुळे तरंगते खाद्य जमा होते तो काठ येथे मासे अधिक सापडतात. पाण्याची पातळी वाढून नवी जमीन बुडू लागली, की गांडुळे व कीटक पाण्यात येतात आणि मासे काठाकडे सरकतात.

काळ व ऋतू : खाद्यस्थान एकच असले, तरी ते सर्व वेळी सारखे उपयोगी नसते. प्रवाहाबरोबर वाहणाऱ्या कीटकांच्या अळ्यांचे प्रमाण दिवसा कमी व अंधार पडल्यावर एकदम वाढलेले असते, हे अमेरिकेतील टॉमस वॉटर्स यांनी १९६२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात दाखविले व पुढे अनेक देशांत तसेच आढळले. दिवसा पाहून शिकार करणाऱ्या माशांपासून या अळ्यांचा त्यामुळे बचाव होतो. पहाट व सायंकाळ या वेळी वाहते खाद्यही भरपूर असते आणि भक्ष्य दिसण्याइतका उजेडही असतो. मासे याच वेळी आमिष अधिक घेतात, हा मासेमारांचा सर्वत्र अनुभव आहे.

पावसाळ्यात नदी फुगते, तेव्हा महसीर प्रवाहाविरुद्ध वर चढून उपनद्यांतील गोट्यांच्या उथळ भागात अंडी घालतात. पूर ओसरू लागल्यावर मोठे मासे मुख्य नदीकडे परततात. त्याच सुमारास उपनद्यांतून लहान मासेही मोठ्या संख्येने खाली येतात व संगमांवर भक्ष्य विपुल होते. म्हणून हिमालयात पावसाळ्यानंतरचे दोन-तीन महिने व बर्फ वितळण्यापूर्वीचा वसंत ऋतू हे गळाच्या मासेमारीचे हंगाम मानले जातात. हिवाळ्यात पाणी थंड झाल्यावर माशांचा चयापचय मंदावतो, अन्नाची गरज घटते व ते खोल डोहांत स्वस्थ राहतात. डोहात मासे आहेत, पण ते आमिषाकडे वळत नाहीत, अशी या काळातील स्थिती असते. मासे जमण्याची जागा व मासे खाण्याची जागा या नेहमी एकच नसतात, हे यावरून दिसते.

आमिष व चारा : महसीराच्या गळाच्या मासेमारीला पद्धतशीर रूप देण्याचे श्रेय हेन्री सलिव्हन टॉमस यांना दिले जाते. मद्रास इलाख्यातील मुलकी सेवेत असताना त्यांनी लिहिलेला द रॉड इन इंडिया हा ग्रंथ १८७३ मध्ये प्रसिद्ध झाला. माशाच्या सवयी व खाद्य यांच्या निरीक्षणावर मासेमारी आधारलेली असावी, असा त्यांच्या विवेचनाचा रोख होता.

आमिष निवडताना माशाला त्या जागी व त्या वेळी मिळणाऱ्या खाद्याचे अनुकरण केले जाते. लहान मासे विपुल असलेल्या संगमावर चकाकणारा धातूचा चमचा किंवा माशाच्या आकाराचे लाकडी आमिष वापरतात. पाण्यातून ओढताना त्याची चकाकी व थरथर ही पळणाऱ्या लहान माशासारखी भासते. कीटक विपुल असतात तेथे पिसांची कृत्रिम माशी चालते. खडकाळ तळावर खेकडा, तर फळझाडाखाली फळ हे स्वाभाविक आमिष होय. कावेरीवर नाचणीचे पीठ शिजवून मळलेला घट्ट गोळा गळाला लावण्याची पद्धत रूढ झाली. नाचणी हे महसीराचे नैसर्गिक खाद्य नाही. माणसांनी वारंवार टाकल्यामुळे ते त्याच्या ओळखीचे झाले.

येथे एक महत्त्वाचा फरक आहे. गळाला लावलेले आमिष असलेल्या माशाला फसविते. आधीपासून पाण्यात टाकलेला चारा मात्र नसलेल्या माशाला तेथे आणतो. रोज ठराविक जागी व ठराविक वेळी चारा टाकल्यास काही दिवसांतच मासे ती वेळ व जागा शिकतात आणि आसपासच्या लांब पट्ट्यातून तेथे जमू लागतात. अशा वेळी त्या डोहातील मासे वाढल्याचा भास होतो. वास्तविक नदीतील एकूण मासे तेवढेच असतात. केवळ त्यांची वाटणी बदललेली असते.

तीर्थक्षेत्रांतील डोह : भारतात चारा टाकून मासे जमविण्याची सर्वांत जुनी व मोठी उदाहरणे मासेमारीची नसून श्रद्धेची आहेत. हरद्वार व ऋषिकेश येथे गंगेच्या घाटांजवळ, कर्नाटकात शृंगेरी येथे तुंगा नदीत आणि महाराष्ट्रात वाडा तालुक्यातील तिळसे येथे वैतरणा नदीत व महाडजवळील वाळणकोंड येथे काळ नदीत भाविक महसिरांना कणकेच्या गोळ्या, कुरमुरे यांसारखे खाद्य घालतात. हे मासे देवाचे मानले जात असल्याने तेथे कोणी मासेमारी करीत नाही. इतरत्र माणसाची चाहूल लागताच दडणारा महसीर येथे पायरीशी येऊन हातातले खाद्य घेतो.

या डोहांनी मोठ्या आकाराचे प्रजननक्षम मासे जतन केले आहेत, हा त्यांचा निर्विवाद लाभ होय. मात्र दाट जमाव हा तितकाच असुरक्षितही असतो. विषारी पदार्थ, सुरुंगाची दारू किंवा वरच्या बाजूने आलेले सांडपाणी यांमुळे अनेक किलोमीटर पट्ट्यातील मोठे मासे एकाच दिवशी नष्ट होऊ शकतात. शिवाय देवस्थानाचे संरक्षण डोहापुरते असते. अंडी घालण्यासाठी पावसाळ्यात डोह सोडून वर गेलेल्या माशाला ते लागू पडत नाही. पिलांना वाढण्यासाठी लागणारे उथळ खळाळ डोहाच्या बाहेरच असतात.

कावेरीचा अनुभव : शिवसमुद्रमच्या धबधब्याखालील कावेरीचा खडकाळ पट्टा मोठ्या महसिरांसाठी दीर्घकाळ प्रसिद्ध आहे. याच खोऱ्यातील काबिनी नदीत १९४६ मध्ये जे. डी. वेट व्हॅन इंगेन यांनी १२० पौंड (सुमारे ५४ किग्रॅ.) वजनाचा महसीर गळाने पकडला, गळाने पकडलेल्या महसिरांत त्याचे वजन विक्रमी मानले जाते. हा कुबडा महसीर होता. स्वातंत्र्यानंतर या माशाची माहिती मागे पडली होती. १९७७-७८ मध्ये इंग्लंडहून आलेल्या तीन मासेमारांच्या मोहिमेने तिला पुन्हा उजाळा दिला आणि त्यानंतर नदीकाठी मासेमारीच्या छावण्या उभ्या राहिल्या. पकडलेला मासा वजन करून जिवंत सोडण्याचा नियम या छावण्यांत पाळला जाई. नदीवर पहारा असल्यामुळे सुरुंगाने व विषाने होणाऱ्या मासेमारीलाही आळा बसला. पूर्वी चोरटी मासेमारी करणाऱ्या काही स्थानिकांना वाटाडे म्हणून रोजगार मिळाला.

याच काळात महाराष्ट्रात महसीर संवर्धनाचा एक मोलाचा प्रयत्न झाला. लोणावळ्याजवळील वळवण येथे टाटांच्या वीज कंपन्यांनी १९७० च्या दशकाच्या सुरुवातीस महसिराचे कृत्रिम प्रजनन सुरू केले. चं. वि. कुलकर्णी व ओगले यांनी टॉर खुद्री जातीची अंडी काढणे, फलित करणे व पिले वाढविणे यांचे तंत्र विकसित केले. येथील पिले अनेक राज्यांतील जलाशयांत व नद्यांत सोडण्यात आली. कावेरीतही ती पोहोचली. महसीर ही एकच वस्तू आहे आणि तो कमी झाला असेल तेथे बाहेरून आणून सोडणे हितावह आहे, अशी त्या वेळची सर्वसाधारण समजूत होती. कावेरीतील कुबडा महसीर ही वेगळी जाती असल्याचे तेव्हा निश्चित झालेले नव्हते.

गालिबोरे येथील छावणीत १९९८ ते २०१२ या काळात पकडलेल्या माशांच्या नोंदी ठेवलेल्या होत्या. सहा हजारांहून अधिक महसिरांच्या या नोंदींचे विश्लेषण एड्रियन पिंडर व त्यांचे सहकारी यांनी २०१५ मध्ये प्रसिद्ध केले. पकडल्या जाणाऱ्या माशांची संख्या या काळात वाढत गेली होती व सरासरी वजन घटले होते. वरवर पाहता पहाऱ्याचे व मासे सोडून देण्याच्या नियमाचे हे यश होते, कारण लहान मासे वाढल्याने सरासरी वजन कमी होणे स्वाभाविक आहे. परंतु जातीवार पाहता ही वाढ बाहेरून आलेल्या निळ्या पराच्या महसिराची असल्याचे दिसले. कुबड्या महसिरांची संख्या सतत घटत होती आणि जे सापडत होते ते अधिकाधिक मोठे, म्हणजे वयस्क होते. नवी पिढी तयार होत नव्हती. डोहांवर मासे जमत होते, नाचणीचे गोळे घेत होते, गळाला लागत होते. पण ज्या माशासाठी ही नदी प्रसिद्ध झाली तोच नाहीसा होत चालला होता.

कुबड्या महसिराचे शास्त्रीय स्थानही २०१८ पर्यंत अनिश्चित होते. त्या वर्षी तो आणि केरळातील पांबार नदीतून २००७ मध्ये वर्णन केलेला टॉर रेमादेवी हे एकच असल्याचे सिद्ध झाले. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाने त्याची गणना अत्यंत संकटग्रस्त जातींत केली आहे. कावेरी अभयारण्यातील गळाची मासेमारी वन्य जीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या तरतुदींच्या आधारे दरम्यान बंद झाली होती. त्यामुळे अभयारण्याचा हेतू पाळला गेला. मात्र छावण्यांचा पहारा व नोंदींचा ओघ हे दोन्ही त्याबरोबर थांबले.

खाद्यामुळे एका जागी गोळा होणाऱ्या माशांच्या बाबतीत पकडीचे आकडे शेवटपर्यंत चांगले राहू शकतात, हे सागरी मत्स्यव्यवसायातही दिसून आले आहे. उत्तर अटलांटिकमधील न्यू फाउंडलंडच्या किनाऱ्याजवळचा कॉड मासा घटत असतानाही उरलेले मासे दाट थव्यांत सापडत राहिले व संकटाचे खरे स्वरूप उशिरा कळले. अखेर १९९२ मध्ये कॅनडाच्या शासनाला ती मासेमारी बंद करावी लागली. जमाव जितका दाट, तितका तो एकूण संख्येचा कमी विश्वसनीय पुरावा ठरतो.

खाद्यस्थानांचे रक्षण : महसिराच्या ऱ्हासाची कारणे केवळ पकडण्यात नाहीत. वाळू व गोटे यांचा उपसा झाल्याने खळाळातील अळ्या, खेकडे व शैवले यांचा आधारच नाहीसा होतो. धरणांमुळे माशांचा वर जाण्याचा मार्ग अडतो. वीजनिर्मितीसाठी पाणी कमी-जास्त सोडल्याने उथळ भाग दिवसातून कित्येकदा उघडे पडतात व तेथील जीव मरतात. जलाशयाखाली खळाळ व गोट्यांचे काठ कायमचे बुडतात. भागीरथीवर २००६ मध्ये कार्यान्वित झालेल्या टिहरी प्रकल्पाने नदीचा असा लांब पट्टा तळ्यात रूपांतरित केला. काठावरील झाडे तोडल्याने सावली, फळे व कीटक हे तिन्ही कमी होतात. अशा नदीत डोह शिल्लक राहिला तरी त्याला अन्न पुरविणारी व्यवस्था उरत नाही. तेथे चारा टाकून मासे जमविता येतात, पण नदी त्यांना पोसू शकत नाही.

गळ टाकणाऱ्याला नदीचे जे ज्ञान लागते, तेच संवर्धनालाही लागते. कोणत्या खळाळात अळ्या आहेत, कोणत्या संगमावर लहान मासे केव्हा उतरतात, कोणत्या झाडाखाली महसीर थांबतो, हे जाणणारा मासेमार नदीतील बदल इतरांच्या आधी ओळखू शकतो. त्यासाठी पकडलेल्या माशाची जात, लांबी, वजन, जागा व दिनांक यांची नोंद ठेवणे, चारा टाकलेल्या जागेवरील पकड इतर पकडीपासून वेगळी दाखविणे आणि अंडी घालण्याच्या काळात उपनद्यांच्या मुखांवर गळ न टाकणे या गोष्टी आवश्यक मानल्या जातात. कावेरीतील कुबड्या महसिराची दुरवस्था उजेडात आली ती अशाच नोंदींमुळे. जातींची नोंद नीट ठेवली गेली नसती, तर वाढती पकड हीच नदीच्या आरोग्याची खूण समजली गेली असती.